सरांचा कित्ता आणि माझं दुकान

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना थोडं नीटनेटकं केलं आहे. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



आधीच कबूल करून टाकते. नववीच्या वक्तृत्व स्पर्धेत मधेच भाषण विसरून व्यासपीठावरून खाली पळालेली मुलगी मीच. त्यामुळे आज हातात कागद आहे. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतोय, तोही ओळखीचाच आहे.

समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तुझ्या त्या कित्त्याच्या ऑनलाइन धंद्याबद्दल बोल. पण यशोगाथा नको, खरं काय झालं ते सांग. आपल्यातल्या निम्म्या जणांना नोकरी-संसाराच्या जोडीला काहीतरी करायचंय." ते खरंच असावं. काल रात्री जेवताना तिघींनी मला कोपऱ्यात गाठलं. एकीला गोधड्या विकायच्या आहेत, एकीकडे वीस वर्षांचे पक्ष्यांचे फोटो पडून आहेत, एकीला कोकणी स्वयंपाकाचे वर्ग घ्यायचे आहेत. तिघींनी एकच प्रश्न विचारला, "अगं, छंदाचे पैसे कसे मागायचे गं?" मला वाटतं, खरी अडचण हीच आहे. वेबसाइट काढणं आता अवघड राहिलेलं नाही. म्हणून मी माझी गोष्ट क्रमाने सांगते, आकड्यांसकट. कारण आकडे कोणी सांगत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. २००१ मध्ये कराडहून इंजिनिअर होऊन बाहेर पडले, तेव्हा आयटीत मंदी होती, पहिली नोकरी मिळायला नऊ महिने लागले. ती धास्ती अजून अंगात आहे, त्यामुळे नोकरी सोडून उडी मारली वगैरे कथा माझ्याकडे नाही. आजही दिवसा हिंजवडी आणि रात्री दहानंतर हे दुकान.

सुरुवात २०१७ ची. मुलगी पहिलीत होती, इंग्रजी माध्यमात. माझ्या आईने चिपळूणहून तिला छान आंतरदेशीय पत्र लिहिलं. मुलीला ते वाचता येईना. आजीच्या पत्राला उत्तर लिहायचं म्हणून मी अप्पा बळवंत चौकातून कित्ता आणला. अ अननसाचा, आ आईचा. दोन पानं गिरवून तिने वही मिटली. म्हणाली, "मला अननस नाही लिहायचा. मला माझं नाव लिहायचंय."

त्या रात्री मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. शब्द टाइप केला की दोनरेघीवर तो ठिपक्याठिपक्यांत उमटायचा, छापायचा आणि गिरवायचा. तिने स्वतःचं नाव गिरवलं, मग आजीचं, मग कुत्र्याचं. आमच्या सोसायटीतल्या आयांना कळलं. त्यांच्या मुलांची नावं, मग त्यांच्या बहिणींच्या मुलांची. मी आपली रात्री पानं करून पाठवत होते. खूप मजा येत होती. ऑफिसमध्ये मी ज्या प्रणालीवर काम करते ती वापरणारा माणूस मी कधी पाहिलेला नाही. इथे मात्र दुसऱ्या दिवशी वेड्यावाकड्या अक्षरातल्या पानाचा फोटो यायचा.

मग दिवाळीत आई आली. पानं बघितली आणि म्हणाली, "सगळं छान आहे गं, पण हा ल आपला नव्हे."

मी बघतच राहिले. मी जो फॉन्ट वापरला होता त्यातला ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभा दंड असलेला. आपला ल दोन पाकळ्यांचा. श चंही तसंच, आपला देठाचा श वेगळा. संगणकाला मात्र हे दोन्ही ल एकच वाटतात, कारण युनिकोडमध्ये दोघांना क्रमांक एकच आहे. मजकूर मराठी आहे अशी खूण तुम्ही पानावर केली आणि फॉन्ट करणाऱ्याने मराठी ल वेगळा काढून ठेवला असेल, तरच तो उमटतो. मी ती खूण केली नव्हती. आपल्या राज्य सरकारने २००९ मध्ये शासन निर्णय काढून मराठीसाठी कोणता ल आणि कोणता श वापरायचा ते ठरवून दिलंय, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि मी वर्षभर सोसायटीतल्या पोरांना चुकीचा ल गिरवायला लावत होते!

तेव्हा मला आठवला आपल्या शाळेचा फळा. प्रवेशद्वारातून आत आलं की डाव्या हाताचा. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी त्यावर सरांनी लिहिलेला सुविचार असायचा. सुविचार कोणता होता ते आपल्यापैकी एकालाही आठवत नसेल, पण ते अक्षर सगळ्यांना आठवतंय. स्नेहसंमेलनाच्या दिवशी सर खडू पाण्यात बुडवून लिहायचे, ते वाळल्यावर कसं उठून दिसायचं!

२०१९ च्या मे महिन्यात मी सरांच्या घरी गेले. सर समोर बसले आहेत, काही चुकलं तर थांबवतील. मी लॅपटॉप उघडून मोठ्या अभिमानाने पानं दाखवली. सरांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अक्षर दिसतंय. पण हात कुठून निघाला आणि कुठे गेला, ते यात कुठाय?"

त्या एका प्रश्नाने माझं सगळं काम पालटलं. साध्या फॉन्टमध्ये अक्षराची बाहेरची कड असते, म्हणजे पोकळ अक्षर. त्यात शाई भरली की वाचायला ते पुरतं. लिहायला शिकणाऱ्या मुलाला मात्र वाट लागते. कुठे टेकवायचं, कुठे वळायचं, कुठे उचलायचं, शिरोरेषा कधी द्यायची. सरांनी आतून तीन नमुना वह्या आणल्या. शनिवारच्या सुलेखनाच्या तासाला ते वापरायचे त्याच, बोरूने लिहिलेल्या. त्यात अक्षरं अ आ इ ई अशी नव्हती. ग, म, भ, न एका पानावर. व, ब, क एका पानावर. ट, ठ, ढ, द एका पानावर. वळण सारखं ती अक्षरं एकत्र. आपल्याकडे मुलांना गमभन आधी का शिकवतात, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

मी त्या तिन्ही वह्या स्कॅन केल्या. मग पुढचे आठ महिने रोज रात्री एक-एक अक्षर घेऊन त्याची मधली वाट काढली, तिच्यावर बाण आणि क्रमांक घातले. दर रविवारी सरांना फोटो पाठवायचे. सोमवारी काकूंच्या फोनवरून उत्तर यायचं, "क च्या पोटात वारा शिरलाय." "थ ची गाठ सैल." ळ आठ वेळा परत आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा घरात आल्या. त्याच वर्षी राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला होता, पहिली आणि सहावीपासून सुरुवात होणार होती. ज्यांच्या घरात मराठी बोलत नाहीत असे तमिळ, गुजराती, हिंदी भाषक आई-बाप हवालदिल झाले होते. त्यांना स्वतःलाच अक्षर येत नव्हतं, मुलाचा हात धरणार कसा? बाण असलेलं पान त्यांना देवासारखं वाटलं. कोणीतरी माझ्या वेबसाइटचा पत्ता कुठल्याशा गटात टाकला आणि जूनमध्ये एका आठवड्यात माझा सर्व्हर तीनदा बंद पडला.

सगळं फुकट होतं. महिन्याला पाच-सहा हजार रुपये माझ्या खिशातून जात होते. नवऱ्याने एकदाच विचारलं, "हे किती दिवस?" रागाने नाही, सहजच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटायचं, अक्षर सरांचं, भाषा सगळ्यांची, मुलं लहान. पैसे कसले मागायचे? याच सुमारास एका क्लासवाल्याने माझी पानं स्वतःचा शिक्का मारून विकायला काढल्याचं कळलं. म्हणजे पैसे घेतले जात होतेच, फक्त दुसरा घेत होता.

ऑक्टोबर २०२० मध्ये मी किंमत लावली. महिन्याला ४९ रुपये. रोज एक पान फुकट, त्याहून जास्त हवं असेल तर पैसे. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी भरले. हजारो लोक फुकट वापरत होते, त्यातले अकरा. त्या रात्री मी बंद करायचंच ठरवलं होतं.

पण त्याच आठवड्यात रात्री साडेअकराला एका आईचा संदेश आला. त्यांच्या मुलाच्या आडनावात 'कुऱ्हाड' होती. त्यातला ऱ्ह माझ्या पानावर मोडून, र चा पाय तुटून, दोन तुकड्यांत उमटत होता. त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, "मी पैसे भरले आहेत, मला हे उद्या नीट करून हवं आहे." आधी मला राग आला. ४९ रुपयांत एवढा रुबाब? मग चूक शोधायला बसले तर लक्षात आलं, की ही चूक पहिल्या दिवसापासून होती. दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कऱ्हाड, सगळे शब्द मोडत होते. इतक्या लोकांनी फुकट वापरलं, एकानेही सांगितलं नाही. फुकटच्या गोष्टीला माणूस नावं ठेवत नाही, गुपचूप सोडून देतो. पहाटे चारपर्यंत बसून मी आपला मराठी अर्धा र दुरुस्त केला.

मैत्रिणींनो, कालच्या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. पैसे मागितले की समोरच्याला तक्रार करायचा हक्क मिळतो आणि आपल्याला ती ऐकावी लागते. माझी पानं सुधारली ती त्या दिवसानंतर. पैसे मागण्यात कमीपणा वाटत होता, तो मी त्या रात्री सोडला. छंद होता तोवर मूड लागेल तेव्हा करत होते. आता उद्या सकाळी कोणीतरी वाट बघत असतं.

आता चुका सांगते. तुम्हाला त्याच जास्त उपयोगी पडतील.

पहिली चूक त्याच दिवाळीत केली. 'आजीवन सभासदत्व फक्त ९९९ रुपये.' चारशे बारा लोकांनी घेतलं, चार लाख अकरा हजार रुपये एका आठवड्यात जमा. मला वाटलं जिंकले. दोन वर्षांनी हिशेब मांडला तर सर्व्हरवरचं जवळजवळ अर्धं काम या चारशे बारा घरांसाठी चाललं होतं आणि त्यांच्याकडून पुन्हा एक रुपया येणार नव्हता. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, हे मी विचारलंच नव्हतं! शब्द दिलाय, तो पाळते आहे. पण दर महिन्याला खर्च असलेली गोष्ट एकदाच पैसे घेऊन कधीही विकू नका. गोधडी एकदा विकता येते, सेवा नाही.

दुसरी चूक २०२१ ची. लोकांच्या कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापले जायचे. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबरपासून बदलला, ग्राहकाची रीतसर परवानगी नव्याने नोंदवल्याशिवाय असे पैसे कापता येणार नव्हते. मला याच्या ईमेल आधी दोन महिने येत होत्या. मी उघडल्याच नाहीत. त्या महिन्यात तीनशे दहापैकी दोनशे साठ घरांचे पैसे आलेच नाहीत. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणवणाऱ्या बाईची ही गत! शेवटी मासिक पद्धत बंद करून वार्षिक केली. वर्षाला ४९९. मुदत संपायच्या आधी मी पत्र पाठवते, ज्याला हवं तो यूपीआयने स्वतः भरतो. पैसे गुपचूप कापले जाण्यापेक्षा लोकांना हे आवडलं. गेलेल्यांपैकी बरेच परत आले.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, पण होता होता वाचली. किंमत लावण्याआधी मी माझं नेमणूकपत्र काढून वाचलं. त्यात कलम होतं, की नोकरीत असताना कर्मचाऱ्याने केलेलं कोणतंही काम कंपनीच्या मालकीचं. म्हणजे सरांचा ग सुद्धा! मी लेखी परवानगी मागितली. साडेतीन महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, एकदा नकारही आला. शेवटी परवानगी मिळाली ती अटींवर. ऑफिसचा लॅपटॉप नाही, ऑफिसची वेळ नाही, कंपनीच्या क्षेत्रातलं काम नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघावं. धंदा चालायला लागल्यावर बघण्यात अर्थ नाही.

आणि सरांशी करार. सर म्हणाले, "मला कसले पैसे? फळ्यावरचं अक्षर रोज पुसलं जायचं, त्याचे कुठे घेतले?" मी म्हटलं, "सर, हे पुसलं जाणार नाही, म्हणूनच." शेवटी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं. जमेच्या दहा टक्के सरांचे, प्रत्येक पानाच्या तळाशी सरांचं नाव, आणि सरांना पसंत नसेल असं अक्षर पानावर जाणार नाही. सरांनी ते पैसे घरी कधी नेले नाहीत. आपल्या शाळेच्या प्राथमिक विभागात दर जूनमध्ये ज्या वह्या वाटल्या जातात, त्या कुठून येतात हे आज पहिल्यांदा सांगते आहे. सर, रागावू नका.

आता २०२१ च्या जुलैबद्दल बोलायला हवं.

बावीस तारखेला चिपळूणात काय झालं, ते इथे बसलेल्या निम्म्या जणांनी अंगावर काढलंय. मी पुण्यात होते. दोन दिवस कोणाचाही फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी कळलं, आई वरच्या मजल्यावर सुखरूप आहे. सर आणि काकू शेजारच्यांच्या माळ्यावर रात्रभर बसून होते. सरांच्या घराचा तळमजला पूर्ण पाण्याखाली गेला होता. २००५ च्या पुरानंतर सरांनी वह्यांचं कपाट चार फूट उंच ओट्यावर चढवलं होतं. यावेळी वाशिष्ठीने ती उंचीही गाठली. आठवड्याने मी पोचले तेव्हा अंगणात चिखलाचा ढीग होता आणि त्यात कागदाचा लगदा. तिन्ही नमुना वह्या, चाळीस वर्षांची रेखाटनं, सगळं गेलं. आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पुस्तकांची तीच अवस्था झाली होती.

सर काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बोरू राहिलाय बघ एक."

माझ्याकडे तिन्ही वह्यांचं पान अन् पान होतं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या आकारात स्कॅन केलेलं, तीन ठिकाणी जपून ठेवलेलं. ते मी जपलं कारण त्यावर माझं दुकान चालत होतं. नुसता छंद राहिला असता तर खरं सांगते, तो जुना लॅपटॉप मी केव्हाच भंगारात दिला असता. दिवाळीला पुण्याहून जाड कागदावर छापून, कापडी बांधणीत तिन्ही वह्या परत घेऊन आले. सरांनी पानं उलटली आणि पाचव्या मिनिटाला म्हणाले, "ट चं पान व च्या आधी लागलंय." काकू आत जाऊन डोळे पुसत होत्या आणि मी बाहेर पानांचा क्रम लिहून घेत होते.

त्यानंतर नोकरी सोडायचा मोह एकदा झाला, २०२३ मध्ये. एका मोठ्या क्लासवाल्यांनी सहा लाख एकरकमी देऊ केले. अटी दोन. पानावर त्यांचा शिक्का आणि सरांचं नाव नाही. सहा लाख म्हणजे तेव्हाचं माझ्या दुकानाचं सहा महिन्यांचं उत्पन्न. करारात लिहिलं होतं म्हणून सरांना विचारायला फोन केला. मनातून मला 'घे' असं ऐकायचं होतं. सर म्हणाले, "नाव काढलंस तरी माझं काही जात नाही. पण उद्या ळ चुकला तर पोरांनी विचारायचं कोणाला?" मी नाही म्हणून कळवलं. चार महिने झोप लागली नाही, कारण त्या वर्षी सर्व्हरचा खर्च वाढला होता. पण त्याच जूनमध्ये वार्षिक सभासदांपैकी दहातल्या सात जणांनी पुन्हा पैसे भरले आणि मी निश्चिंत झाले. नवीन गिऱ्हाईक आलं की आनंद होतो, पण धंदा टिकतो तो जुनं गिऱ्हाईक परत आल्यावर. माझ्याकडे पाचवीतलं मूल पुन्हा येणार नाही, ते मोठं होणारच. पण त्याचा धाकटा भाऊ येतो.

आता आजचे आकडे. साधारण सोळाशे घरं, वर्षाला ४९९ रुपयांची. दोनशे दहा शिक्षक आणि क्लास घेणाऱ्या बाई, १४९९ रुपयांचे. परदेशातली तीनशे घरं, १५ डॉलरची. अमेरिकेत, आखातात शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात, तिथले आई-बाप. सगळे मिळून वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास जमा होते. सेवेचा धंदा वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे ती अजून केलेली नाही. पण गुमास्ता, उद्यम नोंदणी, वेगळं चालू खातं आणि सीए हे चारही पहिल्या वर्षी केलं. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचा पैसा मिसळू देऊ नका, नाहीतर नफा झाला की तोटा ते कधीच कळत नाही.

पंधरातले दीड लाख सरांच्या वह्यांचे. साडेतीन-पावणेचार लाख दोघींच्या पगाराचे. या दोघी आपल्याच शाळेच्या, २००८ आणि २०१२ च्या विद्यार्थिनी. इथे चिपळूणात घरूनच अर्धा दिवस काम करतात, पालकांना उत्तरं देतात, नवीन पानं रचतात. सर्व्हर, पैसे घेण्याच्या यंत्रणेचं शुल्क, सीए, जाहिरात, छपाई यांचे तीन लाख. उरतात सात लाख, त्यावर कर. आठ वर्षं रात्री जागून सात लाख! माझ्या नोकरीचा पगार यापेक्षा बराच जास्त आहे. म्हणून 'छंदातून करोडपती' असं ऐकायला आला असाल तर माफ करा.

पण दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दहा दिवस मी फोनला हात लावला नाही. अकराव्या दिवशी घाबरत घाबरत उघडलं तर पालकांच्या सगळ्या पत्रांना उत्तरं गेली होती, चाळीस नवी घरं आली होती आणि दोघींनी मिळून दसऱ्याचं पान तयार करून सरांकडून मंजूरही करून घेतलं होतं. धंदा टिकाऊ झाला की नाही याची माझी व्याख्या तेव्हा ठरली. माझ्या खिशातून जात नाही, माझ्यावाचून दहा दिवस चालतो आणि ज्यांच्या जिवावर उभा आहे त्यांचं देणं दिल्यावर काही उरतं. एवढं जमलं की पुरे.

गोधडीवाली, पक्षीवाली आणि कोकणी स्वयंपाकवाली, तुम्हा तिघींना एकच काम सांगते. पुढच्या महिन्याभरात एका अनोळखी माणसाकडून पैसे घ्या. ओळखीच्या नको. ओळखीचा माणूस कौतुकाने घेतो आणि तक्रार करत नाही. अनोळखी माणसाने काय नाव ठेवलं ते लिहून काढा आणि मला फोन करा. तिथून पुढचं आपण बघू.

जाता जाता. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे, मागे बसली आहे, आईच्या भाषणाने पुरेशी ओशाळली आहे. तिने मागच्या महिन्यात आजीला पत्र लिहिलं, पूर्ण दोन पानी. आईने उत्तरात लिहिलं, "ल आपला आला."

आणि काल संध्याकाळी चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला बोलावलं. वाटलं, कौतुक करणार. सरांनी खिशातून माझंच एक छापील पान काढलं, चार घड्या घातलेलं. म्हणाले, "सगळं ठीक आहे. ळ अजून नीट नाही."

सर, या रविवारी पुन्हा पाठवते.